बिअरची नावे आणि मराठी जीभ : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : मी निवृत्त बँक कर्मचारी आहे. गेल्या महिन्यात पुतण्याने मला पुण्यातील एका ब्रुअरी-पबमध्ये जेवायला नेले. फळ्यावरचे नाव वाचून मी ‘हेफेवेझेन’ मागवली. पुतण्या काही वर्षे म्यूनिकला होता. त्याने सगळ्यांदेखत ‘काका, हेफेवाइत्सन म्हणतात’ असे सुधारले आणि टेबलावर हशा पिकला. त्यानंतर संध्याकाळभर मी स्वतःहून काहीच मागवले नाही. या नावांचे खरे उच्चार कोणते आणि माझ्या वयाच्या माणसाने ते शिकावेत कसे? (एक वाचक, पुणे)

उत्तर : पुतण्याने सांगितलेला उच्चार बरोबर आहे, परंतु तो चारचौघांत सांगायला नको होता. आपण जे वाचले ते इंग्रजीच्या नियमांनी वाचले आणि रोमन लिपी शाळेत इंग्रजीबरोबरच शिकलेल्या कोणत्याही मराठी माणसाकडून हेच होते. लिपी तीच दिसते म्हणून भाषाही तीच असावी असे डोळ्यांना वाटते. प्रत्यक्षात त्या फळ्यावर जर्मन, फ्लेमिश (बेल्जियममधील डच), फ्रेंच आणि चेक अशा चार भाषा एकाखाली एक लिहिलेल्या असतात.

आता आपल्याच शब्दापासून सुरुवात करू. ‘हेफे’ म्हणजे यीस्ट आणि ‘वाइत्सन’ म्हणजे गहू. ही गव्हाची, न गाळलेली, यीस्टमुळे गढूळ दिसणारी, जर्मनीच्या बव्हेरिया प्रांतातील बिअर असून तिला येणारा केळ्याचा आणि लवंगेचा वासही त्या यीस्टचीच करामत आहे. जर्मनमध्ये ‘डब्ल्यू’चा उच्चार आपल्या ‘व’च्या जवळचा असतो, ‘ई’ आणि ‘आय’ ही अक्षरे या क्रमाने आली की ‘आइ’ म्हणतात आणि ‘झेड’चा उच्चार ‘त्स’ होतो. इंग्रजी बोलणाऱ्यांना हा ‘त्स’ शब्दाच्या सुरुवातीला जड जातो. आपल्याला तो मुळीच जड जाऊ नये, कारण तो आपण दिवसभर वापरतो. ‘चार’ आणि ‘चहा’ यांतील ‘च’ एक, तर ‘चमचा’ आणि ‘चूल’ यांतील ‘च’ दुसरा. हा दुसरा, दंततालव्य ‘च’ म्हणजेच जर्मन ‘झेड’. ‘वाइचन’ असे लिहून त्यातील ‘च’ चमच्यातल्यासारखा उच्चारा, म्हणजे म्यूनिकच्या माणसालाही सुधारण्यासारखे काही उरणार नाही. आपल्या लिपीत दोन्ही ‘च’ एकाच अक्षराने लिहिले जातात, म्हणून छापताना ‘त्स’ लिहावे लागते, एवढेच.

‘मेर्त्सन’ हे नाव यावरून आपोआप साधते. ‘मेर्त्स’ म्हणजे मार्च महिना. बव्हेरियात १५५३ च्या हुकुमाने बिअर बनवण्याचा काळ २९ सप्टेंबर ते २३ एप्रिल असा ठरवून दिला होता. उन्हाळ्यात ती नासण्याची भीती असल्याने मार्चमध्ये थोडी कडक बिअर करून थंड तळघरांत साठवत आणि शरद ऋतूपर्यंत पुरवत. नावातील पहिल्या स्वरावर दोन टिंबे असतात. ती पाहून गोंधळू नये, साधा ‘ए’ म्हणावा.

फ्रायझिंगजवळच्या टेकडीवरील मठाचे ‘वाइअन-श्टेफान’ हे नाव पाहताक्षणी माणूस माघार घेतो, इतके ते लांब आहे. तेथील ब्रुअरी आपले मूळ १०४० सालापर्यंत नेते. त्याचे दोन तुकडे पाडावेत. पहिल्या तुकड्यातील ‘एच’ मुका आहे. दुसऱ्या तुकड्याच्या आरंभी ‘एस’ आणि ‘टी’ एकत्र आल्याने ‘श्ट’ होतो आणि आघात त्या ‘श्टे’वर येतो. बाटलीवर ‘वाइस’ या शब्दाच्या शेवटी इंग्रजी ‘बी’सारखे दिसणारे एक अक्षर असते, तेही फसवे आहे. ते दुहेरी ‘स’चे चिन्ह आहे आणि ‘वाइस’ म्हणजे पांढरी. बव्हेरियातील लोक याच गव्हाच्या बिअरला बहुधा ‘वाइसबीअर’ म्हणतात, तेव्हा ‘हेफेवाइत्सन’ जिभेवर बसत नसेल तर हा सोपा शब्द वापरायला हरकत नाही.

एक नाव मात्र खरोखर अवघड आहे आणि त्याबाबत आपल्या वर्णमालेचा आधार मिळत नाही. ते म्हणजे कोलोन शहराची फिकट सोनेरी बिअर. आपल्या आजीने ताप आला की कपाळावर कोलनवॉटरच्या घड्या ठेवल्या असतील, ते याच शहराच्या नावाचे पाणी. शहराचे जर्मन नाव ‘क्योल्न’ आणि बिअरचे ‘क्योल्श’ असे आपण लिहितो, पण मूळ उच्चारात ‘य’ नाही. जीभ ‘ए’ म्हणण्याच्या जागी ठेवावी, ओठ मात्र ‘ओ’साठी करतो तसे गोल करावेत आणि त्या स्थितीत ‘केल्श’ म्हणावे. आरशासमोर चार-पाच वेळा केले की जमते. शहरातील ब्रुअरींनी १९८६ मध्ये आपसांत करार करून हे नाव कोणी वापरावे ते ठरवले आणि १९९७ पासून युरोपीय संघाचेही त्याला संरक्षण आहे. जे लोक आपल्या बिअरच्या नावाला इतके जपतात, त्यांच्यासमोर ते नीट उच्चारण्याचा प्रयत्न केला तर तो त्यांच्यापर्यंत पोहोचतो. तिथे ती दोनशे मिलिलिटरच्या अरुंद, उभट ग्लासात देतात आणि ग्लासावर चकती ठेवेपर्यंत वाढपी नवा ग्लास आणतच राहतो.

आपल्याला सर्वांत आनंद देईल असे नाव शेवटी ठेवले आहे. जगात सर्वाधिक नक्कल झालेली बिअर पिल्सनर असावी. मुंबईत तर लंडनचे नाव लावलेली पिल्सनरही अनेक वर्षे मिळते. मूळ गाव मात्र बोहेमियात, आजच्या चेक प्रजासत्ताकात आहे. १८४२ मध्ये योझेफ ग्रोल या बव्हेरियन ब्रुअरने तेथे ही सोनेरी बिअर प्रथम बनवली. जर्मन माणूस त्या गावाला ‘पिल्झन’ म्हणतो. चेक नावात ‘प’ आणि ‘झ’ यांच्यामध्ये स्वराचे अक्षरच नाही, केवळ ‘ल’ आहे, आणि तो ‘ल’च तेथे स्वराचे काम करतो. इंग्रजीच्या विद्यार्थ्याला हे अशक्य वाटेल, पण आपल्या बाराखडीच्या जुन्या तक्त्यांत ‘ऌ’ हा स्वर आहे आणि ‘क्लृप्ती’ या शब्दात आपण तो आजही लिहितो, जरी बहुतेकजण ‘क्लुप्ती’ म्हणत असले तरी. चेक गावाचे नाव देवनागरीत ‘पॢझेन्य’ असे लिहिता येते. संस्कृतातही मोजक्या शब्दांपुरता असलेला हा स्वर बोहेमियातील एका शहराच्या नावात रोज लाखो लोकांच्या तोंडी आहे, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

तेव्हा पुढच्या वेळी आपणच मागवावे. शिकण्यासाठी पुतण्याहून चांगला शिक्षक मिळणार नाही, फक्त शिकवणी घरी घ्यावी.

प्रश्न : मी मुंबईत एका टॅपरूममध्ये ग्राहकांना वाढण्याचे काम करते. रोज ‘स्टेला आर्टोइस’, ‘होगार्डन’, ‘सायसन’ असे उच्चार कानांवर पडतात. ऑर्डर घेताना मी बरोबर उच्चार केला तर ग्राहकाला तो टोमणा वाटतो, आणि त्याचाच चुकीचा उच्चार परत केला तर माझे मला खटकते. व्यवस्थापक म्हणतात की ग्राहकाला कधीही सुधारू नये. मी काय करावे? (एक वाचक, मुंबई)

उत्तर : आपल्या व्यवस्थापकांचे म्हणणे निम्मे बरोबर आहे. ऑर्डर देणाऱ्याला थांबवून सुधारणे म्हणजे त्याच्या सोबत्यांसमोर त्याला उणे ठरवणे होय आणि वरच्या पत्रातील काकांची संध्याकाळ कशी गेली ते आपण वाचलेच. म्हणून ऑर्डर घेताना नाव उच्चारूच नये. ‘ठीक आहे, पाव लिटर की अर्धा लिटर?’ असे विचारावे. ग्लास टेबलावर ठेवताना मात्र नाव स्वच्छ आणि सहज उच्चारावे. तेव्हा ती सुधारणा राहत नाही, ग्लास देण्याची रीत होते, आणि ज्याला कान आहे तो पुढच्या वेळी आपसूक तसे म्हणतो.

आता आपण उल्लेखिलेली नावे पाहू. ‘आर्त्वा’ हे आडनाव फ्रेंच असल्याने शेवटचा ‘एस’ मुका आहे. ही बिअर ज्या लव्हेन शहराची, ते बेल्जियमच्या डच भाषा बोलणाऱ्या भागात असले तरी सेबास्तियाँ आर्त्वा याने १७१७ मध्ये तेथील जुनी ब्रुअरी घेतली आणि आपले आडनाव तिला दिले. ‘स्टेला’ म्हणजे लॅटिनमध्ये तारा. ती १९२६ च्या नाताळासाठी केलेली बिअर होती.

‘होगार्डन’ हे बेल्जियममधील गावाचे नाव असून ते फ्लेमिश आहे. ‘ओ’ आणि ‘ई’ ही जोडी तेथे ‘ऊ’ अशी वाचतात. ‘ग’ हा घासून येणारा असतो, उर्दू गझल गाणारा ‘ग़म’ म्हणतो त्याच्या जवळपासचा. म्हणून ‘हूग़ार्दन’. ‘गार्डन’शी म्हणजे बागेशी त्याचा उच्चारात काहीही संबंध नाही. या गावातील पांढऱ्या गव्हाच्या बिअरची शेवटची ब्रुअरी विसाव्या शतकाच्या मध्यावर बंद पडली होती. तेथेच वाढलेल्या प्येर सेलिस या दूधवाल्याने १९६६ च्या सुमारास ती पुन्हा सुरू केली, म्हणून ती आज आपल्या टेबलापर्यंत येते. तिच्यात संत्र्याच्या सालीबरोबर धणे घालतात, हे मराठी ग्राहकाला अवश्य सांगावे. धणे म्हटल्यावर त्या परक्या नावाची भीती अर्धी होते असा माझा अनुभव आहे.

‘सेझाँ’ हा फ्रेंच शब्द आहे, अर्थ हंगाम. बेल्जियमच्या फ्रेंच बोलणाऱ्या वालोनिया भागातील शेतांवर थंडीत बनवून उन्हाळ्यातील मजुरांसाठी ठेवलेली ही बिअर. शेवटी ‘न’ म्हणायचा नाही, स्वरच नाकातून काढायचा. जुन्या मराठी लेखनात ‘केलें’, ‘घरांत’ असे अनुस्वार असत. १९६२ च्या नियमांनी ते लेखनातून गेले, परंतु रत्नागिरी-सिंधुदुर्गाकडील वडीलधाऱ्यांच्या बोलण्यात आणि कोंकणीत नाकातला स्वर अजून नांदतो आहे. मालवणचा एखादा सहकारी असेल तर त्याच्याकडून ‘सेझाँ’ म्हणवून घ्यावे.

व्यवस्थापकांशी माझा मतभेद आहे तो एका ठिकाणी. काही नावे चुकली की मागवलेली बिअरच बदलते आणि तेथे विचारणे हे आपले काम ठरते. ‘गोझे’ आणि ‘ग्योझ’ ही ती जोडी. ‘गोझे’ हे जर्मन नाव दोन अक्षरांचे, शेवटचा ‘ए’ हलका. गोस्लार गावच्या गोझे नदीवरून ते आले आणि लाइपझिगमध्ये रुजले. या बिअरमध्ये मीठ आणि धणे असतात. ‘ग्योझ’ ही ब्रसेल्सच्या परिसरातील, हवेतील यीस्टवर आपोआप आंबणाऱ्या लँबिक बिअरचे एक, दोन आणि तीन वर्षांचे पिंप एकत्र मिसळून केलेली, बाटलीत पुन्हा फसफसणारी बिअर आहे. तिचा स्वर वर सांगितलेल्या ‘क्योल्श’सारखा, ओठ गोल करून काढायचा. एक खारट-आंबट आणि हलकी, दुसरी कोरडी, तीव्र आंबट आणि पुष्कळ महाग. ग्राहक ‘गूझ’ किंवा ‘गोस’ म्हणाला तर ‘मिठाची जर्मन की बेल्जियमची बाटलीतली?’ असे विचारावे. यात त्याचा उच्चार कुठेच येत नाही आणि बिल आल्यावर वादही होत नाही.

शिवाय मेन्यूकार्डावर प्रत्येक नावाखाली देवनागरीत उच्चार छापण्याची सूचना व्यवस्थापकांना करून पाहावी. बंगळूरु-पुण्याच्या कार्डांवर चवीचे वर्णन चार ओळींचे असते, उच्चाराला एक ओळ सहज मिळेल.

प्रश्न : ‘बडवायझर’ म्हणावे की ‘बुडवायझर’? मित्रांत पैज लागली आहे. (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : पैज दोघांनीही जिंकली आहे, कारण या दोन वेगळ्या बिअर आहेत. दक्षिण बोहेमियातील ‘चेस्के बुद्येयोवित्से’ या शहराला जर्मनमध्ये ‘बुडवाइस’ म्हणतात आणि तेथील ती ‘बुडवाइझर’. अमेरिकेत सेंट लुइस येथे १८७६ मध्ये त्याच नावाने वेगळी बिअर सुरू झाली आणि इंग्रजी जिभेने तिचे ‘बडवायझर’ केले. बुद्येयोवित्सेच्या आजच्या चेक ब्रुअरीची स्थापना १८९५ ची, आणि नावावरून दोघांत शतकाहून अधिक काळ खटले चालत आले आहेत. कोल्हापुरात आपल्या हाती येणारी बाटली बहुधा अमेरिकी नाममुद्रेची असेल. तिला ‘बडवायझर’च म्हणावे, कारण ज्याने नाव ठेवले त्याचा उच्चार प्रमाण.

प्रश्न : आपण परक्या नावांची एवढी काळजी घ्यायला सांगता, पण आमच्या देवळालीचे इंग्रजांनी ‘डूलाली’ केले आणि त्याच नावाची बिअर पुण्या-मुंबईत अभिमानाने विकली जाते. आपणच का झिजावे? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : आपली तक्रार मला मनापासून पटते. मुदत संपलेले ब्रिटिश सैनिक मायदेशी जाण्यासाठी देवळालीच्या छावणीत येत आणि जहाजांचा हंगाम नसला तर महिनोन्‌महिने तेथे अडकून पडत. कंटाळा, उष्मा आणि ताप यांनी काहींचे चित्त ठिकाणावर राहत नसे. त्यावरून ‘डूलाली टॅप’ हा सैनिकी शब्दप्रयोग आला आणि पुढे इंग्रजीत ‘डूलाली’ म्हणजे वेडसर असा अर्थ रूढ झाला. त्यातील ‘टॅप’ म्हणजे आपला ‘ताप’. एका नांदत्या गावाच्या नावाला दूरदेशी असा अर्थ चिकटावा, हे त्या गावच्या माणसाला लागणारच. पुण्यात २००९ मध्ये सुरू झालेल्या ब्रुअरीने तो इंग्रजी शब्द नाव म्हणून घेतला आणि त्यामुळे देवळालीचे नाव इंग्लंडची वारी करून शे-दीडशे मैलांवर परत आले. मला वाटते, त्या पबमध्ये बसलेल्या निम्म्या लोकांना तरी हा ग्लास कोणत्या गावाचे नाव घेऊन आला आहे ते कोणी सांगत नसावे. नाशिककरांनी सांगावे.

तरीही नाव मोडण्याच्या सर्व घटना मी एका मापाने मोजत नाही. उत्तर जर्मनीच्या लोअर सॅक्सनी प्रांतातील आइनबेक या गावाची कडक बिअर म्यूनिकमध्ये लोकप्रिय झाली, तेव्हा बव्हेरियन जिभेवर गावाचे नाव ‘आइनपॉक’ आणि पुढे ‘आइन बॉक’ झाले. ‘आइन बॉक’ म्हणजे एक बोकड. आज ‘बॉक’ हा प्रकार जगभर ओळखला जातो, बाटल्यांवर शिंगे उगारलेला बोकड असतो आणि आता ते नाव आइनबेककडे परत नेण्याची कोणी मागणी करणार नाही. चुकीच्या उच्चारातून जन्मलेले ते एक पूर्ण नाव आहे. बॉकमध्ये त्याच देशातील दुसऱ्या प्रांताची जीभ अडखळली, तर देवळालीत राज्यकर्त्यांच्या सैन्याला गावाचे नाव नीट घेण्याची गरजच वाटली नाही. इंग्रजीत ‘ळ’ नाही हे मान्य, पण ‘देव’ म्हणणे त्यांना अशक्य नव्हते.

आपण का झिजावे, याचे माझे उत्तर असे की नाव मोडले की काय वाटते हे आपल्याला ठाऊक आहे. हूग़ार्दनचा माणूस आपल्या गावाबद्दल तेच सांगेल जे आपण देवळालीबद्दल सांगत आहात.

प्रश्न : लिहावे कसे : ‘बिअर’, ‘बीअर’ की ‘बियर’? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : या सदरात मी ‘बिअर’ लिहिते, कारण मराठी वृत्तपत्रांत तेच रूप अधिक रुळलेले आहे. जर्मन शब्दाच्या जोडीत मात्र, उदाहरणार्थ ‘वाइसबीअर’, दीर्घ ‘बी’ ठेवते, कारण मूळ स्वर दीर्घ आहे. आणि प्रागला जाणे झाले तर यांतील एकही रूप लागणार नाही. तेथे बिअरला ‘पिवो’ म्हणतात. तो शब्द पिणे या अर्थाच्या चेक धातूपासून आला आहे, आणि तो धातू व आपले ‘पिणे’ ही एकाच मुळाची दूरची भावंडे आहेत. ‘येडनो पिवो, प्रोसीम’, म्हणजे ‘एक बिअर द्या’, हे वाक्य मी तेथे पहिल्याच दिवशी म्हणू शकले आणि वाढप्याने मला पुन्हा विचारले नाही.